रोजकीर्दीतील साधना
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी भरलेल्या कर्मचारी मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या विद्वान वक्त्याचे व्याख्यान ठेवण्याची आपली प्रथा आहे. यंदा विश्वस्त मंडळाने ही जबाबदारी आमच्यावर सोपवली आणि विषयही सुचवला : ‘दैनंदिन कामातून आत्मिक उन्नती’. विषय ऐकून आम्हांला संकोच वाटला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य जमा आणि नावे या दोन बाजू जुळवण्यात गेले. अध्यात्मावर बोलण्याचा अधिकार कीर्तनकारांचा किंवा साधकांचा, हिशेबनिसाचा नव्हे. तथापि रुग्णालयाच्या पैसे भरण्याच्या खिडकीतून मनुष्यस्वभाव जितका जवळून दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसत असेल. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून जे पाहिले आणि जे हळूहळू उमजत गेले, तेवढेच आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे. भाषा मात्र आमच्या व्यवसायाची असेल, याबद्दल क्षमा असावी.

हिशेबाच्या चार पायऱ्या असतात. आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद. ताळेबंद वर्षातून एकदा होतो, त्यावर लेखापरीक्षकांची सही होते आणि तो अहवालात छापला जातो. लोक ताळेबंद पाहतात. परंतु ताळेबंदात नवीन असे काहीच नसते. रोजकीर्दीत जे लिहिले गेले, तेच तेथे एकत्र येऊन उभे राहते. रोजकीर्द खोटी असेल, तर ताळेबंद कितीही देखणा असला तरी तो खोटाच. आत्मिक उन्नतीचेही असेच असावे, असे आम्हांला वाटत आले आहे. वारीत, सप्ताहात किंवा एखाद्या शिबिरात जे समाधान लाभते ते मोलाचेच आहे. पण मनुष्य घडतो तो सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता, खिडकीपुढे पंधरा माणसांची रांग असताना, पहिल्या माणसाला तो कोणत्या शब्दांत उत्तर देतो त्यावरून. त्या उत्तराची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तरी ती कोठेतरी होत असतेच.

संत एकनाथांची एक कथा परंपरेने सांगितली जाते. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी ऐकली असेल. सोळाव्या शतकात देवगिरीला नाथ आपले गुरू जनार्दनस्वामी यांच्या सेवेत होते. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी, आणि हिशेबाचे काम नाथांकडे. एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी चोपड्या घेऊन बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. आवाज ऐकून आलेल्या स्वामींनी त्यांना समजावले की, एका पैची चूक सापडल्याचा आनंद एवढा, तर जन्माचा हिशेब जुळल्याचा आनंद केवढा असेल. कीर्तनकार या कथेच्या उत्तरार्धावर भर देतात आणि ते योग्यच आहे. आम्ही हिशेबनीस असल्यामुळे पूर्वार्धापाशी थोडे अधिक रेंगाळतो. ती पै नाथांची स्वतःची नव्हती. एका पैसाठी त्यांना कोणी जाब विचारला असता, असेही नाही. शिवाय हे काम क्षुद्र आहे, ते टाकून दे, असे स्वामींनी सांगितल्याचे कथेत कोठेही नाही. ज्या एकाग्रतेत गुरूला शिष्याची योग्यता दिसली, ती एका पैच्या शोधात तयार झाली होती.

आपल्या रुग्णालयात अशी पै कोठे असते, याची दोन उदाहरणे आम्ही देतो.

पहिले उदाहरण सुईचे. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे नियम आपल्या देशात १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये ते नव्याने करण्यात आले. पिवळी पिशवी कशासाठी, लाल पिशवी कशासाठी, काचेसाठी निळा डबा आणि सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबा, हे येथे सर्वांना पाठ आहे. रात्रीचे तीन वाजलेले असतात. एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असतात. वापरलेली सुई हातात असते, पांढरा डबा चार पावलांवर असतो आणि लाल पिशवी हाताशी असते. पाहणारे कोणी नसते. पिशवीत टाकलेली ती सुई सकाळी ज्याच्या बोटात शिरते, त्याचे नावही टाकणाऱ्याला ठाऊक नसते. त्या टोचण्यातून कावीळ ब, कावीळ क किंवा एच.आय.व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. अहिंसेवर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. आपल्या वॉर्डात मात्र अहिंसा म्हणजे ती चार पावले चालणे.

दुसरे उदाहरण उरलेल्या औषधांचे. रुग्ण बरा होऊन घरी निघतो तेव्हा न उघडलेली इंजेक्शने, कॅन्युला, हातमोज्यांची पाकिटे खाटेजवळच्या कपाटात राहून जातात. ती औषधालयात परत केली की तेवढी रक्कम बिलातून वजा होते. नातेवाईकांना हे बहुधा ठाऊक नसते आणि घरी जाण्याच्या घाईत ते विचारतही नाहीत. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका मावशींना एका आजीबाईंच्या कपाटात तीन इंजेक्शने सापडली. आजीबाई निघून गेल्या होत्या. मावशींनी ती औषधालयात जमा केली, पावती घेतली आणि परत मिळालेली रक्कम देण्यासाठी त्या एस.टी. स्टँडपर्यंत गेल्या. गाडी सुटायच्या आत आजीबाई भेटल्या. रक्कम फार मोठी नव्हती. आमच्या रजिस्टरमध्ये ती एका ओळीत मावली. परंतु आमच्या सेवाकाळात या संस्थेच्या नावावर जी खरी जमा पडली, तिच्यात त्या ओळीची गणना आम्ही करतो.

आता आमच्या स्वतःच्या टेबलाकडे वळतो. प्रशासकापुढचे प्रश्न याहून थोडे गुंतागुंतीचे असतात, कारण तेथे चांगले आणि वाईट अशी सरळ विभागणी नसते.

आपण धर्मादाय रुग्णालय आहोत. ‘मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०’ या कायद्याखाली, ज्याच्या नावात आता ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे, अशा रुग्णालयांची नोंदणी होते. त्यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ साली लागू झालेली योजना यांनी आपल्यावर काही निश्चित जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवायच्या. रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात जमा करायची. या रुग्णांकडे दाखल करताना अनामत रक्कम मागायची नाही. तातडीच्या प्रसंगी आधी जीव वाचवायचा, कागद मागाहून. अपघातग्रस्ताला पोलिसी सोपस्कारांसाठी ताटकळत न ठेवता प्रथम उपचार द्यावेत, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

हे नियम आपण पाळतो. पाळलेच पाहिजेत. पण नियम पाळणे आणि नियमाच्या हेतूला जागणे यांत अंतर असते. ते अंतर कोणत्याही तपासणी पथकाला मोजता येत नाही. राखीव खाट रिकामी आहे. दाराशी एक कुटुंब उभे आहे. त्यांना योजनेची माहिती नाही. तहसीलदारांचा दाखला किंवा पिवळी शिधापत्रिका दाखवली की आपल्याला येथे मोफत उपचार मिळू शकतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. प्रवेशद्वारावरचा फलक ते वाचत नाहीत, कारण ज्याचा मुलगा झटके येऊन बेशुद्ध पडला आहे तो फलक वाचत नसतो. अशा वेळी खिडकीतल्या माणसाने गप्प बसले, तरी एकाही नियमाचा भंग होत नाही. खाट रिकामी राहते, निधी शिल्लक राहतो आणि कागदोपत्री सर्व काही यथास्थित असते. ते एक वाक्य आपणहून उच्चारणे, “बाबा, तुमच्याकडे कोणते रेशनकार्ड आहे?” असे विचारणे, ही आमच्या मते या रुग्णालयातील सर्वांत महत्त्वाची नैतिक कृती आहे. ती करण्यासाठी पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही.

कायदा हा चांगुलपणाचा तळ आहे; छत नव्हे. शिवाय कायदा पुष्कळदा मागून येतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या. औषधविरहित धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये अशी तेव्हाची मर्यादा होती. त्यापूर्वी याच वस्तूंसाठी रुग्णांना कितीतरी पट रक्कम मोजावी लागत असे. तो फरक मधल्या हातांत विभागला जात होता आणि त्यातील पुष्कळसा भाग कायद्याच्या चौकटीतच होता. म्हणजे आदल्या दिवशी जे कायदेशीर होते, ते दुसऱ्या दिवशी बेकायदेशीर झाले. आदल्या दिवशी ते न्याय्य होते काय, हा प्रश्न कायद्याला विचारून उपयोग नाही. तो ज्याने त्याने स्वतःला विचारायचा असतो, आणि तेही किंमत ठरवली जाण्यापूर्वी. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी दलाली देऊ-घेऊ नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. ज्यांनी ती कधीच घेतली नाही, अशा डॉक्टरांना या संहितेने नवीन असे काहीच शिकवले नाही. त्यांची रोजकीर्द आधीपासूनच स्वच्छ होती.

येथे आमच्या व्यवसायातील एक अवघड गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बिल माफ करणारा प्रशासक लोकांना उदार वाटतो. पण तो जो पैसा सोडतो, तो त्याचा स्वतःचा नसतो. तो संस्थेचा, म्हणजे देणगीदारांचा, बिल भरणाऱ्या इतर रुग्णांचा आणि पर्यायाने उद्या येणाऱ्या गरजूचा असतो. दुसऱ्याच्या पैशाने उदार होण्यात पुण्य नाही. किंबहुना त्यात सूक्ष्म असा अहंकार असतो. निर्धन रुग्ण निधीला मर्यादा आहे. आज तो एकाला दिला, म्हणजे तेवढा तो दुसऱ्यासाठी उरला नाही. म्हणून ‘देऊ का?’ एवढाच प्रश्न आमच्यापुढे कधी नसतो. ‘कोणाला देऊ?’ असा तो असतो.

आणि नेमक्या अशा वेळी फोन येतो. कोणी प्रतिष्ठित गृहस्थ, कोणी लोकप्रतिनिधी, कोणी जुने स्नेही सांगतात, “आमचा माणूस आहे, जरा बघा.” शिफारस करणे हा गुन्हा नाही, आणि ज्याच्यासाठी फोन आला तोही बहुधा अडचणीतच असतो. परंतु त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर एक बाई आपल्या नवऱ्याच्या उशाशी बसलेली असते. तिच्यासाठी फोन करणारे या जगात कोणी नसते. निधी दोघांना पुरणार नसेल तर काय करावे? आम्ही आमच्या पुरता एक नियम घालून घेतला आहे. प्रत्येक शिफारशीची, ती कोणी केली या नावासह, आम्ही रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि शिफारस नसलेल्या अर्जाच्या खाली ती ठेवतो. वर नव्हे, खाली. ज्याच्यासाठी कोणाचाही फोन येत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी बोलले पाहिजे. आणि विश्वस्त संस्थेत ते काम प्रशासकाचे आहे. यामुळे काही स्नेही दुरावले, हे खरे. ‘विश्वास’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून ‘विश्वस्त’ हा शब्द आला आहे. जो विचारू शकत नाही, तपासू शकत नाही आणि तक्रारही करू शकत नाही, त्याचा विश्वास सांभाळणे हाच त्या शब्दाचा अर्थ, असे आम्ही समजतो.

परंतु नीतीचे धडे आपणच रुग्णांना देतो, अशा समजात कोणी राहू नये. एक शेतकरी गृहस्थ आपल्या पत्नीला घेऊन आले होते. दोन एकर कोरडवाहू जमीन. तहसीलदारांचा दाखला सोबत होता. निर्धन रुग्ण म्हणून त्यांचा हक्क पूर्णपणे सिद्ध होत होता. अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “साहेब, आमच्यापरीस नडलेला कुणीतरी असंलच की. ही जागा त्याला ठिवा. आमी फेडू हळूहळू.” आम्ही त्यांना समजावले की ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि खाट आज रिकामी आहे. खूप सांगितल्यावर त्यांनी खाट स्वीकारली. औषधांचे पैसे मात्र घ्यावेच लागतील, असा आग्रह धरला. पुढे सात-आठ महिने दर बाजारच्या दिवशी ते येत, कधी दोनशे, कधी शंभर रुपये ठेवीत आणि पावती घडी करून टोपीत ठेवून जात. ते पैसे औषधांच्या बिलापोटी घेण्याची नियमाने सोय नव्हती. म्हणून त्यांच्या संमतीने आम्ही ते देणगी म्हणून निर्धन रुग्ण निधीत जमा केले. त्या वर्षीच्या देणगीदारांच्या यादीत त्यांची रक्कम सर्वांत लहान होती. आम्ही ती यादी अनेकदा चाळली आहे.

गरिबाने हक्क नाकारावा, असा याचा अर्थ कृपया काढू नये. तसे झाले तर तो आपलाच पराभव ठरेल. अर्थ एवढाच की, ‘माझ्याहून अधिक गरजू कोणी आहे काय?’ हा प्रश्न ज्यांनी विचारायला हवा, ते पुष्कळदा विचारत नाहीत; आणि ज्याला तो विचारण्याची काहीच गरज नव्हती, त्याने तो विचारला.

कोणी म्हणेल की अशी माणसे जन्मतःच थोर असतात, आपण सामान्य. हा समज दूर व्हावा म्हणून बाबा आमटे यांच्या जीवनातील एक प्रसिद्ध प्रसंग सांगतो. बाबा वरोऱ्याला वकील होते. ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून मैल्याच्या पाट्या स्वतः वाहण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. गोऱ्या शिपायांना एकट्याने तोंड दिल्याबद्दल गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते. अशा या निर्भय पुरुषाला एका पावसाळी रात्री गटाराकाठी तुळशीराम नावाचा, कुष्ठरोगाने देह झडलेला मनुष्य दिसला, आणि भयाने ते घरी पळून गेले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच जगाला सांगितली. त्यानंतर ते परत गेले. त्यांनी त्या माणसाची शुश्रूषा केली आणि शेवटपर्यंत त्याला सांभाळले. पुढे ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम करू लागले. त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि त्यातून आनंदवन उभे राहिले.

आनंदवन हा ताळेबंद झाला. त्याची रोजकीर्द सुरू होते ती परत फिरण्याच्या त्या निर्णयापाशी. भीती वाटली, हे त्यांच्या थोरवीला बाधक ठरले नाही. भीती आहे हे ओळखून पुन्हा तेथेच जाणे, दुसऱ्या दिवशीही जाणे, तिसऱ्या दिवशीही जाणे, यातून भीती हळूहळू ओसरली. आपल्या वॉर्डात नवीन रुजू झालेल्या मुलींना पहिल्या आठवड्यात जखमेच्या वासाने मळमळते. सहा महिन्यांनी तीच मुलगी ड्रेसिंग करता करता रुग्णाशी त्याच्या नातवंडांविषयी बोलत असते. तिचे नाक तेच असते. बदललेले असते ते आत काहीतरी, आणि कोणत्या दिवशी बदलले हे तिलाही सांगता येत नाही.

या बदलाच्या तीन पायऱ्या आमच्या पाहण्यात आल्या आहेत. पहिली पायरी भयाची : तपासणी होईल, मेमो मिळेल, म्हणून नीट वागणे. ही पायरी कोणी तुच्छ मानू नये. तिच्यावाचून पुढची नाही. दुसरी सवयीची : कोणी पाहो वा न पाहो, हात आपोआप पांढऱ्या डब्याकडे जातो. तिसरी पायरी मात्र निराळी आहे. तेथे काम तेच असते, पण त्यात मन उतरलेले असते. विनोबाजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपण जाणताच. त्यांत विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा उलगडा केला आहे. बाहेरून केलेल्या कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली, तिला ते विकर्म म्हणतात. आणि अशी जोड मिळत गेली की कर्माचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. आम्हांला हे ग्रंथ वाचून जितके समजले, त्याहून अधिक एका रात्रपाळीच्या वॉर्डबॉयकडे पाहून समजले. प्रेत शवागारात नेताना तो चादर दोन्ही बाजूंनी नीट खोचतो आणि उंबरठा आला की स्ट्रेचर अलगद उचलतो, धक्का लागू नये म्हणून. ज्याला आता धक्का जाणवणार नाही, त्याच्यासाठी. एकदा आम्ही सहज विचारले, तेव्हा तो गोंधळला. आपण असे काही करतो, हे त्याच्या ध्यानातच नव्हते.

जाता जाता हिशेबशास्त्रातील आणखी एका शब्दाची आठवण करून देतो. तो शब्द म्हणजे घसारा. आज घेतलेले यंत्र उद्याही तेवढ्याच किमतीचे राहत नाही. चांगुलपणालाही घसारा लागतो. दहा वर्षांपूर्वी केलेल्या सत्कृत्यावर मनुष्य आज जगू शकत नाही. आणि आपण सेवाभावी संस्थेत काम करतो म्हणून आपण आपोआप सेवाभावी झालो, असे मानणे हा तर घसारा न दाखवता ताळेबंद फुगवण्याचा प्रकार आहे. रुग्णाच्या नातेवाइकावर खेकसण्याचा अधिकार अशा समजातूनच जन्म घेतो. म्हणून रोज नवी जमा पडली पाहिजे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वह्यांना हळदकुंकू वाहतो, खंडेनवमीला शस्त्रक्रियागृहातील उपकरणांची पूजा करतो. ही परंपरा सुंदर आहे आणि ती चालू राहावी. परंतु वहीची नित्यपूजा म्हणजे तीत खरे लिहिणे, आणि उपकरणाची नित्यपूजा म्हणजे ते पूर्ण वेळ निर्जंतुक करणे, घाईच्या दिवशीही.

या वर्षी आपणां सर्वांकडून आमची अपेक्षा तीनच गोष्टींची आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाला योजनेची माहिती न विचारता द्यावी. घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे कपाट एकदा उघडून पाहावे. आणि दिवसाचे काम संपल्यावर, कपडे बदलण्यापूर्वी, दोन मिनिटे थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नव्हते, अशा कोणासाठी आज आपण बोललो काय? उत्तर काहीही येवो, ते खरे असावे. ते दाखवण्यासाठी कोणतेही रजिस्टर आम्ही ठेवणार नाही. एखाद्या दिवशी उत्तर ‘नाही’ असे आले, तर खचून जाऊ नये. रोजकीर्दीचे नवे पान रोज सकाळी उघडते, आणि त्यावर आरंभीची शिल्लक लिहूनच पुढे जावे लागते. ती किती आहे हे मात्र ठाऊक असले पाहिजे.

आपली संस्था अनेकांच्या लहानमोठ्या देणग्यांवर आणि त्याहून अधिक अनेकांच्या श्रमांवर उभी आहे.   दुपारच्या पाळीची वेळ होत आली आहे आणि वॉर्डात आपली वाट पाहिली जात आहे. म्हणून येथेच थांबतो.